ऑनलाइन वर्गातला माझा हेल

मार्च २०१८ मध्ये गोव्यातल्या खाणी दुसऱ्यांदा बंद झाल्या, तेव्हा मी डिचोली तालुक्यातल्या एका खाणीच्या वजनकाट्यावर कारकून होतो. पहिल्यांदा, म्हणजे २०१२ साली, त्या बंद पडल्या तेव्हा सगळ्यांप्रमाणे मीही ‘होतील पुन्हा सुरू’ म्हणत दिवस काढले होते. दुसऱ्या खेपेला मात्र सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि आता वाट पाहण्यात अर्थ नाही हे माझ्याही ध्यानात आले. कुणी ट्रक विकले, कुणी बार्ज नांगरून ठेवल्या, आणि बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला शिक्षण सोडलेला मी एका सहकारी पतसंस्थेत जवळजवळ अर्ध्या पगारावर रुजू झालो. संध्याकाळी पाच वाजता घरी येण्याची मला सवय नव्हती. त्या रिकाम्या संध्याकाळींतूनच माझे दुसरे विद्यार्थिपण सुरू झाले: आधी दूरस्थ पद्धतीने अर्धवट राहिलेली पदवी पुरी केली, मग केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन शिक्षणमंचावरचे दोन अभ्यासक्रम घेतले, आणि गेल्या वर्षी शिक्षण व डिजिटल संस्कृती या विषयावरच्या एका खासगी प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला नाव घातले. आज मी एकावन्न वर्षांचा आहे. देवळाच्या पायरीवर भेटलेल्या एका वडीलधाऱ्या शेजाऱ्याने विचारले होते, ‘‘ह्या पिरायेर आनी कितें शिकता तूं?’’ (या वयात आणखी काय शिकतोस तू?) त्याला मी हसून उत्तर देण्याचे टाळले. ते उत्तर इथे लिहून पाहावे असे बरेच दिवस मनात आहे.

बाहेरच्या वाचकांसाठी एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. आमच्या घरी बोलणे कोंकणीत, वाचणे-लिहिणे मराठीत आणि कागदोपत्री व्यवहार इंग्रजीत चालतो. डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा या भागांत अशी घरे शेकड्यांनी सापडतील आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. ऑनलाइन वर्गात बसल्यावर मात्र या तीन भाषांची वाटणी मला प्रथमच अडचणीची वाटली, कारण व्याख्यान इंग्रजीत ऐकायचे, टिपणे मराठीत काढायची आणि शंका कोंकणीत मनात यायची, असा प्रकार होता. शंका विचारण्याजोग्या इंग्रजीत उतरेपर्यंत प्राध्यापक पुढच्या घटकावर गेलेले असत. चित्रफीत थांबवता येते, मागे नेता येते, हे ऑनलाइन शिक्षणाचे सर्वांत मोठे सुख आहे, आणि महाविद्यालयातल्या शेवटच्या बाकावरून मला जे कधी करता आले नव्हते ते मी घरी बसून दहादहा वेळा केले. शंकेला मात्र मागे-पुढे नेण्याचे बटण नसते.

या साऱ्या व्यवस्थेचा इतिहास फार जुना नाही. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात २००८ साली जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी एक अभ्यासक्रम सर्वांसाठी खुला केला. शुल्क भरणारे विद्यार्थी पंचवीसच्या आसपास होते आणि फुकट येऊन बसलेले दोन हजारांहून अधिक. तीन वर्षांनी स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वर्गाला १,६०,००० लोकांनी नावे घातली आणि २०१२ मध्ये कोर्सेरासारख्या कंपन्या उभ्या राहिल्या. आपल्याकडे आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांचा एनपीटीईएल हा उपक्रम २००३ पासूनच व्याख्याने नोंदवून ठेवत होता. ‘स्वयम्’ जुलै २०१७ मध्ये आले. एनपीटीईएलच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात दर आठवड्याला स्वाध्याय असतो, त्यांतल्या सर्वोत्तम आठ स्वाध्यायांना मिळून २५ गुण आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ गुण, असा हिशेब आहे. काट्यावरच्या माणसाला तो लगेच समजतो.

नावे घालणाऱ्यांपैकी अभ्यासक्रम पूर्ण करणारे फार थोडे असतात, बहुधा शंभरात दहासुद्धा नाहीत, आणि या विषयावर लिहिणारे बरेच जण ते अपयश म्हणून मांडतात. मी स्वतः पहिला अभ्यासक्रम पाचव्या आठवड्यात सोडला होता. चतुर्थी आली, गणपतीवर बांधायच्या माटोळीसाठी रानातली फळे गोळा करण्याची जबाबदारी माझ्यावर आली, पाहुणे आले, आणि दोन स्वाध्याय बुडाल्यावर उरलेल्यांकडे बघावेसेही वाटेना. पण त्या चार आठवड्यांत मी जे ऐकले ते अजून माझ्याजवळ आहे. कीर्तनाला आलेले सगळेच आरतीपर्यंत थांबत नाहीत, म्हणून त्यांनी कीर्तन ऐकलेच नाही असे आपण म्हणत नाही.

माझ्या मनात घर करून बसली ती वेगळीच गोष्ट. या अभ्यासक्रमांत शिकता शिकता माझ्या लक्षात येऊ लागले की माझ्यासारख्या माणसासाठी त्या जगात शब्द आधीच तयार करून ठेवलेले आहेत आणि मी आत पाऊल टाकले की त्यांतला एखादा माझ्या गळ्यात पडतो.

पहिला शब्द ‘स्थलांतरित’. अमेरिकी लेखक मार्क प्रेन्स्की यांनी २००१ साली एका लेखात अशी मांडणी केली की संगणकासोबत वाढलेली मुले त्या जगाची मूळ निवासी आहेत आणि आधीच्या पिढीतले आम्ही डिजिटल स्थलांतरित. स्थलांतरित माणूस नवी भाषा शिकतो, पण त्याच्या बोलण्यातला जुना हेल जात नाही, तसे आमचेही जुने हेल जात नाहीत, असे ते म्हणतात; ई-पत्र छापून घेऊन वाचणे हे त्यांनी दिलेले त्या हेलाचे उदाहरण. हे वाचत होतो तेव्हा माझ्या मांडीवर त्याच घटकाची छापील पाने होती, डिचोली बाजारातल्या दुकानातून दोन रुपये पानाने काढून आणलेली. मी चांगलाच ओशाळलो.

ओशाळेपणा ओसरल्यावर मात्र मला त्या उपमेतच गडबड दिसू लागली. गोव्यात हेल ही लपवायची गोष्ट नव्हे. दोन वाक्ये ऐकून समोरचा माणूस पेडण्याचा की काणकोणचा हे आम्ही सांगतो, आणि त्यामुळे कुणाला बोलता येत नाही असे ठरत नाही. हेल म्हणजे माणूस कुठून चालत आला त्याची खूण. शिवाय स्थलांतर हा शब्द ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या अंगावर झेलला आहे, मुंबई, पूर्व आफ्रिका, आखात, लिस्बन असे ज्यांचे नातलग विखुरलेले आहेत, त्या गोमंतकीयांना तो इतका सहज वापरून टाकता येत नाही.

इथे मला माझ्या बाबांची आठवण होते. त्यांचा जन्म १९३६ चा. त्यांचे शिक्षण पोर्तुगीज सेगुंद ग्रावपर्यंत, म्हणजे प्राथमिक शिक्षणाच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत, झाले होते, मराठी ते घरी येणाऱ्या मास्तरांकडे शिकले होते, आणि एका व्यापाऱ्याच्या पेढीवर पोर्तुगीजमध्ये हिशेब लिहून पोट भरत होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, त्या वेळी बाबा पंचवीस वर्षांचे होते. मुक्तीचा आनंद त्यांना इतरांइतकाच झाला, फक्त थोड्याच काळात पेढीवरचे सगळे कागद इंग्रजीत येऊ लागले आणि इतकी वर्षे कमावलेली विद्या एकाएकी निरुपयोगी ठरली. ते जागेवरून हललेही नव्हते, पण भोवतालची भाषा बदलली. शब्दकोश जवळ घेऊन रात्री कंदिलाच्या उजेडात ते इंग्रजी वर्तमानपत्र वाचत असत, असे आई सांगते. सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ देण्याची आणि गुणाकार तोंडातल्या तोंडात पोर्तुगीजमध्ये पुटपुटण्याची सवय त्यांना शेवटपर्यंत होती. त्यांचे हिशेब कधी चुकले नाहीत. गोव्यातल्या त्या पिढीतले किती लोक असे प्रौढ वयात पुन्हा अ-आ-ई पासून शिकले याची नोंद कुठे असेल असे मला वाटत नाही; निदान आमच्या घरी त्याला कुणी शिक्षण म्हणत नव्हते. तेव्हा वयामुळे माणूस परका होतो, ही प्रेन्स्की यांची कल्पना मला पटत नाही. दारात आलेली नवी भाषा जो शिकू लागतो तो आपल्याच गावचा असतो, त्याला शिकायला किती वर्षे लागली हा वेगळा प्रश्न.

दुसरा शब्द ‘पाहुणा’. प्रेन्स्की यांच्या वाटणीत वयाला अवास्तव महत्त्व आहे हे अनेकांना खटकत होतेच, आणि डेव्हिड व्हाइट व ॲलिसन ल कोर्नू यांनी २०११ साली तिच्या जागी दुसरी वाटणी सुचवली. त्यांच्या मते काही लोक आंतरजालावर पाहुण्यासारखे येतात, अवजारांच्या खोपटात शिरून हवे ते अवजार घ्यावे, काम झाले की ठेवून निघून यावे, तसे. तर काही लोक तिथे राहतात, ओळखी ठेवतात, मागे काहीतरी ठेवून जातात. एकच माणूस एका कामापुरता पाहुणा आणि दुसऱ्या कामापुरता रहिवासी असू शकतो, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे, आणि म्हणून ही मांडणी मला पहिलीपेक्षा पुष्कळ समंजस वाटते.

तरीही २०११ च्या जनगणनेत पंधरा लाखही लोकसंख्या न भरलेल्या, आणि दरवर्षी त्याच्या कितीतरी पट पर्यटक येणाऱ्या गोव्यात बसून ती वाचताना वेगळेच विचार येतात. पाहुणा मागे खूण ठेवत नाही, असे हे अभ्यासक म्हणतात. त्यांनी एखाद्या सोमवारी सकाळी आमच्या किनाऱ्यांवर येऊन बाटल्या मोजाव्यात. थट्टा सोडली तरी मुद्दा उरतोच, कारण आजच्या आंतरजालावर खूण न ठेवता कुणालाच वावरता येत नाही. मी चित्रफीत कुठे थांबवली, कोणता भाग दोनदा पाहिला, स्वाध्याय रात्री किती वाजता उघडला, ही माझी खूण मी एक अक्षरही न लिहिता तिथे साठत असते, फक्त ती माझ्या हाती नसते.

रहिवासी होण्याचा प्रयत्नही मी करून पाहिला आहे. एका स्वाध्यायासाठी आपापल्या गावाविषयी आंतरजालावर काय सापडते ते शोधायचे होते. माझ्या गावाचे नाव घातल्यावर भाड्याने मिळणारी घरे, पोहण्याचा तलाव असलेले बंगले आणि ‘अस्पर्शित गोवा’ अशा मथळ्यांचे पर्यटकांचे लेख, एवढेच पानामागून पान येत राहिले. आमची जत्रा, आमच्या देवळातले भजन, खाणीच्या मातीने बुजलेली शेते यांच्याविषयी मराठीत वा कोंकणीत चार ओळी नव्हत्या. याला जबाबदार आम्हीच, कारण लिहिणार कोण? गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोश २०१३ साली मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला केला आणि पुढे कोंकणी विकिपीडियाला त्याचा आधार मिळाला, मराठी विकिपीडिया तर २००३ पासून आहे, म्हणजे घर बांधायला जागा आहे. मी मात्र इतकी वर्षे तिथे अवजार घेऊन जाण्यापुरताच जात होतो.

या लिहिण्यात लिपीचीही एक अडचण होती. फोनवर मी कित्येक वर्षे रोमन अक्षरांतच मराठी लिहीत आलो, कारण जे सोपे तेच हाताला लागते. युनिकोड या संगणकी अक्षरांच्या सर्वमान्य संचात देवनागरीला १९९१ पासून जागा आहे, पण मला ती फोनवर नीट लिहिता येऊ लागली ती मुलीने कळफलक बसवून दिल्यावर. माझी लाज थोडी कमी झाली ती ख्रिस्तपुराणामुळे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ते मराठी काव्य १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला रोमन लिपीत छापले गेले, कारण छापखान्यात देवनागरीचे खिळे नव्हते. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली जिथे आला त्या गोव्यातच यंत्राला आपली अक्षरे येत नव्हती म्हणून भाषेला दुसऱ्याचा अंगरखा घालावा लागला. चारशे वर्षांनी माझ्या अंगठ्यांनी तेच केले, आणि मला तर खिळे मिळाले असूनही.

तिसरा शब्द सर्वांत बोचरा. अभ्यासक्रमाच्या चर्चेत सतत हजर राहणाऱ्या, वाचणाऱ्या, पण काही न लिहिणाऱ्या माणसाला इंग्रजीत ‘लर्कर’ म्हणतात. त्या शब्दाला दबा धरून बसण्याचा वास आहे. दोन अभ्यासक्रमांत मिळून मी एकही वाक्य लिहिले नव्हते, तेव्हा मी पक्का लर्कर ठरतो.

आमच्या देवळात दर एकादशीला भजन असते. लहान मुलगा पहिल्यांदा येतो तो वडिलांच्या किंवा काकांच्या मागे, भिंतीला टेकून बसतो. कुणी त्याला काही शिकवत नाही. काही महिन्यांनी त्याच्या हाती झांज येते, तीही मागच्या रांगेत, जिथे चुकले तरी फारसे ऐकू जात नाही. पखवाजवाल्याच्या हाताकडे तो टक लावून बघत असतो, घरी गेल्यावर मांडीवर बोल वाजवतो, आणि एखाद्या दिवशी नेहमीचा पखवाजवाला उशिरा येतो तेव्हा बुवा मागे वळून नुसती मान हलवतात. मुलगा पुढे सरकतो. तोवर पाच-सहा वर्षे गेलेली असतात आणि इतक्या काळात त्याने तोंडातून शब्द काढला नाही म्हणून त्याच्या हजेरीबद्दल कुणी शंका घेत नाही. जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर या अभ्यासकांनी १९९१ साली अशा शिकण्याला काठावरचा रास्त सहभाग अशा अर्थाचे नाव दिले, शिंपी आणि सुईणी कसे शिकतात ते पाहून. मला ते अभ्यासक्रमात भेटले तेव्हा ओळखीचा माणूस परगावी भेटावा तसा आनंद झाला.

फरक इतकाच की देवळात मागच्या रांगेतला मुलगा बुवांना दिसत असतो. ऑनलाइन वर्गात गप्प बसलेला माणूस आकड्यांत मोजला जातो, पण मान हलवून पुढे बोलावणारे कुणी नसते. २०२० च्या टाळेबंदीत सत्तरी, सांगे, काणकोण भागांतली मुले रेंज शोधत डोंगर चढत होती आणि त्यांची छायाचित्रे सगळीकडे छापून आली. आमच्या वाड्यावर रेंज मिळे ती देवळाच्या सभामंडपात, म्हणून मुले आणि मी तिथे एकमेकांपासून अंतर राखून बसत असू. एकदा सातवीतल्या एका मुलीने माझा पडदा बघून विचारले, ‘‘काका, तुमची बाई तुम्हांला नाव घेऊन विचारते?’’ मी नाही म्हटले. ‘‘आमची विचारते,’’ ती म्हणाली. पुढच्या दोन वर्षांत मी जे वाचले त्यात या प्रश्नाइतके नेमके थोडेच होते.

शेवटी मी लिहिले. गेल्या वर्षीच्या अभ्यासक्रमात आपल्या परिसरातल्या एखाद्या शिकण्याच्या पद्धतीचे वर्णन करायचे होते, तेव्हा एकादशीच्या भजनावर आधी मराठीत दीड पान आणि खाली त्याचा मोडकातोडका इंग्रजी गोषवारा दिला. तीन दिवस कुणी फिरकले नाही. चौथ्या दिवशी सांगलीकडच्या एका शिक्षिकेचे मराठीत उत्तर आले. त्यांच्या गावी झांजेऐवजी टाळ असतो आणि मुलांना मागे बसवण्याची पद्धत तीच. पुढे आमचा पाच-सहा जणांचा गट झाला. त्यातल्या दोघांना मी अजून प्रत्यक्ष पाहिलेले नाही, पण माझ्या टिपणांतल्या चुका ते निष्ठेने दाखवतात.

त्याच अभ्यासक्रमाची परीक्षा घरून, कॅमेऱ्यासमोर द्यायची होती, आणि चौथा शब्द मला तिथे मिळाला. नजर पडद्यावरून हलवायची नाही, खोलीत दुसरे कुणी येता कामा नये, असे नियम होते आणि ते पाळले जातात की नाही हे एक संगणकप्रणाली पाहत होती. काट्यावरच्या नोकरीत माझ्या मानेला एक सवय लागली आहे: ट्रक काट्यावर चढला की खिडकीबाहेर त्याच्या नंबराकडे बघायचे, मग आकड्याकडे, मग वहीकडे. एकवीस वर्षांची ती सवय परीक्षेत कशी सुटणार? प्रश्न वाचला की माझी मान आपोआप खिडकीकडे वळे आणि पडद्यावर तांबडी पाटी येई. पहिल्या तासात अशा चार पाट्या झाल्या. गंमत अशी की काट्यावरही आमच्या डोक्यावर कॅमेरा होता, पण तो ट्रककडे बघत असे आणि आकड्यात घोळ झाला तर माझ्या बाजूने साक्ष देई. हा कॅमेरा माझ्याकडे बघत होता.

पाचवी पाटी आईमुळे आली. संध्याकाळ झाली होती, तुळशीपुढे दिवा लावून ती रोजच्यासारखी माझ्या खोलीतून देवघराकडे गेली. तिला मी सकाळी सांगून ठेवले होते, पण ऐंशीच्या घरात असलेल्या माणसाने दिवेलागणीला मागच्या दाराने वळसा घालून जावे असा हट्ट माझ्याच्याने धरवला नाही. प्रणालीने नोंद केली: खोलीत दुसरी व्यक्ती, वर्तन संशयास्पद. माझा निकाल तपासणीसाठी राखून ठेवण्यात आला, मी सविस्तर खुलासा पाठवला, आणि बाराव्या दिवशी उत्तीर्ण झाल्याचे पत्र आले. खुलासा कुणी वाचला की नाही, त्याचा त्या पत्रात उल्लेख नव्हता.

हा सगळा प्रकार मी आईला समजावून सांगितला, तेव्हा संगणक, कॅमेरा, तपासणी यांतले काहीच तिला विशेष वाटले नाही. वाती वळताना ती मध्येच थांबली आणि म्हणाली, ‘‘म्हज्याच घरांत हांव दुसरी कशी?’’